बारावा फलक: यादवी कुठे संपली हे ठरवताना

या लेखातलं वाचनालय, पेठ आणि माणसं यांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असा तपशीलही गाळला आहे. इतिहासातली नावं जशीच्या तशी आहेत.

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत आमचं वाचनालय आहे. खाली वर्तमानपत्रांचं टेबल, वर दोन खोल्या. वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी इतिहास वाचणारी आठ माणसं जमतात. त्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत, एम. ए. करणारी एक मुलगी आहे, फ्लेक्स छापणारा एक मित्र आहे. दिवाळीच्या सुटीत पेठेतल्या पोरांसाठी पाच दिवसांचं प्रदर्शन करायचं ठरलं आणि संयोजन माझ्याकडे आलं.

विषय ठरायला वेळ लागला नाही. कोल्हापूरची गादी ज्या यादवीतून उभी राहिली, ती आम्हा कोल्हापूरकरांना अर्धीच माहीत असते. कावळा नाक्यावर पुतळ्यातल्या, घोडा उधळलेल्या ताराराणी रोज दिसतात. त्या सात वर्षं औरंगजेबाशी झुंजल्या, हे शाळकरी पोरही सांगतं. पण औरंगजेब गेल्यावर मराठ्यांचं आपसातलं युद्ध चोवीस वर्षं चाललं आणि ते आपल्याच वारणेच्या काठी मिटलं, हे विचारलं तर मोठी माणसंही गप्प बसतात. म्हणून १७०७ ते १७३१ हा काळ घेतला. चौदा फलक करायचे होते.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण पुढचा वाद त्यावरच उभा आहे. १६८९ साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले. १७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला आणि त्याचा मुलगा आझमशाह उत्तरेकडे निघाला. वाटेत त्याने शाहूंना सोडलं, येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतलं. मराठ्यांत दुफळी व्हावी हाच त्यामागचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. ताराबाईंनी आधी हा शाहू तोतया आहे असं म्हटलं. त्यांचं दुसरं म्हणणं जास्त वजनाचं होतं. थोरल्या महाराजांनी उभं केलेलं राज्य मोगलांनी गिळलं होतं. राजाराम महाराजांनी आणि त्यांच्यामागे आपण झुंजून जे राखलं, ते आपल्या मुलाचं आहे, असं त्या म्हणत. मला हा दावा आजही पोकळ वाटत नाही. दुसऱ्या बाजूला शाहू थोरल्या पातीचे, संभाजी महाराजांचे पुत्र. दोन्ही बाजूंना न्याय होता, म्हणूनच हे युद्ध इतकं लांबलं असं वाटे. पुढे काम करताना कळलं की लांबण्याचं कारण एवढंच नव्हतं.

अडचण

बाराव्या फलकाचा मजकूर मीच लिहिला होता: “वारणा, १७३०. ताराराणींचा पराभव, शाहूंचा विजय. यादवी संपली.” खाली दोन तलवारींचं चित्र. प्रदर्शनाला नऊ दिवस होते. मित्राच्या दुकानात नमुन्याची छपाई बघत उभा होतो. दुकानात काम करणारा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा वाकून ते वाचत होता. त्याने मान वर केली आणि खरोखर दुखावल्या आवाजात विचारलं, “शाहू महाराजांनी ताराराणींना हरवलं?”

त्याच्या डोळ्यांसमोर राजर्षी शाहू होते, आरक्षण देणारे, खासबाग मैदान बांधणारे. कोल्हापुरात नुसतं ‘शाहू महाराज’ म्हटलं की दुसरं कुणी आठवतच नाही. त्यांचा जन्म १८७४ चा आणि आमची लढाई १७३० ची, हे मला इतकं गृहीत होतं की फलकावर सांगावंसंही वाटलं नव्हतं. त्यात आमच्या गोष्टीत ताराबाईंचे पुत्र शिवाजी, त्यांच्या सवत राजसबाईंचे पुत्र संभाजी. तीच नावं पुन्हा पुन्हा. पोराने गोंधळायचं नाही तर काय करायचं?

ही चूक लेबल बदलून सुधारली असती. रविवारी बैठकीत दुसरी निघाली, ती मोठी होती. काकूंनी छपाई बघितली आणि बाजूला सारली. “आमच्या ताराराणी हरल्या असं भिंतीवर लिहिलंय, आणि मी त्याच्याखाली बसू व्हय? मी न्हाई बसायचो.” मला वाटलं हा भावनेचा प्रश्न आहे. समजूत घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, “भावना सोड. ते वाक्यच खोटं आहे. अरे, सतराशे तीसला ताराबाई लढत होत्या कुठं? त्या कैदेत होत्या. आणि ती कैद शाहूंची न्हवं, आपल्याच गादीची.”

सरांचं खरं होतं. १७१४ साली पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. राजसबाईंनी आपले पुत्र संभाजी यांना गादीवर बसवलं आणि ताराबाई व त्यांचे पुत्र नजरकैदेत गेले. त्यानंतर कोल्हापूरच्या बाजूने साताऱ्याशी जे झालं, ते संभाजीराजांचं. १७३० मध्ये शाहूंचे प्रतिनिधी (हे दरबारातलं मोठं पद) श्रीपतराव यांनी वारणेकाठच्या छावणीवर हल्ला केला. संभाजीराजे पन्हाळ्याकडे निघून गेले आणि छावणीतल्या ज्या राजस्त्रिया सातारकरांच्या हाती लागल्या, त्यांत ताराबाई होत्या. म्हणजे कैद्यालाच पराभूत सेनापती म्हणून मी भिंतीवर टांगणार होतो.

समोर असलेले पर्याय

पहिला सोपा होता. ‘ताराराणींचा’ खोडून ‘संभाजीराजांचा’ लिहायचं. वस्तुस्थिती दुरुस्त झाली असती, पण मग ताराराणींचं काय झालं हा प्रश्न पोरांनी विचारलाच असता. अकरा फलकांवर त्या आणि बाराव्यावर अचानक कुणी भलतंच!

दुसरा पर्याय छपाईचा निम्मा खर्च देणाऱ्या गृहस्थांकडून आला. ते म्हणाले, “शेवट दाखवायचाच कशाला? १७१० ला पन्हाळ्याला गादी झाली, तिथं थांबा. सुटीत पोरं येतात, त्यांना भाऊबंदकी दाखवून काय मिळणार?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्या घरात वाटणीचे खटले पिढ्यानपिढ्या चालले, त्या घरातला माणूस असं बोलणारच. तरी तिथे थांबणं म्हणजे युद्ध लागलं एवढंच सांगून उठणं. ते मला पटलं नाही.

तिसरा पर्याय एम. ए. वाल्या मुलीने मांडला. दोन भिंती करायच्या, एक सातारची, एक कोल्हापूरची. बघणाऱ्याने मध्ये उभं राहून दोन्ही वाचायच्या. मला हा फार आवडला होता. सरांनी एकच शंका काढली, “आणि जी माणसं ह्या भिंतीवरनं त्या भिंतीवर गेली, ती कुठं लावणार?”

त्या शंकेतून चौथा पर्याय निघाला. यादवी राजांच्या बाजूने न सांगता बाजू बदलणाऱ्यांच्या बाजूने सांगायची. शेवटचे चार फलक रद्द करायचे आणि त्यांच्या जागी एक मोठा नकाशा करायचा. वेळ नऊ दिवसांहून कमी, पैसे जवळपास संपलेले. आठापैकी पाच जण हो म्हणाले. खर्च देणाऱ्या गृहस्थांनी उरलेली रक्कम दिली नाही. दिलेली परतही मागितली नाही, हे इथे नोंदवायला हवं.

काय केलं

काकूंनी घरातली जुनी पांढरी चादर आणली. तिच्यावर कोळशाने किल्ले काढले आणि मग रंगवले: सातारा, पन्हाळा, रांगणा, विशाळगड, कुलाबा. वारणेसाठी निळा लोकरीचा दोरा घेतला. सह्याद्रीपासून टाके घालत पार हरिपूरच्या संगमापर्यंत आणून कृष्णेला जोडला. माणसांसाठी चिंचोके. सातारच्या बाजूचा भगवा, कोल्हापूरच्या बाजूचा पिवळा अशी दोन रंगांची वर्तुळं काढली आणि प्रत्येक सरदाराचा चिंचोका साल येईल तसा एका वर्तुळातून दुसऱ्यात सरकवायचा.

ताराराणींचा चिंचोका काकूंनी पन्हाळ्यावर फेविकॉलने चिकटवून टाकला. “ह्यो हलायचा न्हाई.” आम्हीही काही बोललो नाही.

मग पोरांच्या आधी आम्हीच खेळून बघितलं. १७०७ ला जवळपास सगळे चिंचोके पिवळ्यात. सरदारांनी दूधभातावर हात ठेवून ताराबाईंना शपथ दिली होती. तरी शाहू तापी ओलांडून आले आणि परसोजी भोसले त्यांना मिळाले. ऑक्टोबरमध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोर उभ्या राहिल्या, आणि ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे गेले. त्यांचं मन वळवण्यात बाळाजी विश्वनाथ या कारकुनाचा हात होता. धनाजींचा चिंचोका सरकला तसा चादरीवरचा तोलच बदलला. १२ जानेवारी १७०८ ला शाहूंना साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

पण सगळं एकाच दिशेने गेलं नाही. हे चादरीमुळे दिसलं, फलकावर कधी दिसलं नसतं. पन्हाळा शाहूंनी घेतला, ताराबाई रांगण्याला गेल्या, तिथून निसटल्या, पन्हाळा परत मिळवला. धनाजींचे पुत्र चंद्रसेन १७११ ला बाळाजींशी भांडून उलटे पिवळ्यात आले आणि नंतर निजामाकडे गेले, म्हणजे चादरीच्या बाहेरच. १७१३ ला ताराबाईंच्या बाजूचे कान्होजी आंग्रे घाट चढून आले आणि शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी धरलं. शाहूंनी बाळाजींना पेशवे केलं. बाळाजी कान्होजींशी लढले नाहीत, बोलले. किल्ले आणि सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, राखून कान्होजी भगव्यात आले.

परशुरामपंत प्रतिनिधींच्या घरापाशी मुलीने दोन चिंचोके दोन्ही हातांत धरले आणि थांबली. पंत ताराबाईंच्या बाजूने लढले, शाहूंच्या कैदेत पडले, पुढे शाहूंचेच प्रतिनिधी झाले. एक मुलगा श्रीपतराव सातारचा प्रतिनिधी, दुसरा कृष्णाजी विशाळगडावर कोल्हापूरचा. एकाच घरातले दोन भाऊ वारणेच्या दोन काठांवर.

१७१४ ला आम्ही हात थांबवले. पिवळ्या वर्तुळात थोडेच चिंचोके उरले होते आणि त्याच वर्षी पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. खोलीत कुणी बोलेना. मग मुलगी म्हणाली, “सर, पारडं तर इथंच फिरलं. मग पुढची सतरा वर्षं काय चाललं होतं?”

माझ्या मते या कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा क्षण. आमच्या मूळ चौदा फलकांत या सतरा वर्षांसाठी एकच ओळ होती. आम्ही त्या प्रश्नासाठी दोन रात्री बसलो.

जे सापडलं ते असं. पारडं फिरलं तरी युद्ध संपत नाही, जोवर हरणाऱ्या बाजूला उभं ठेवण्यात तिसऱ्याचा फायदा असतो. १७१९ ला बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या, म्हणजे तिथल्या वसुलीतल्या हिश्श्याच्या, सनदा घेऊन आले. येसूबाईही परतल्या. आता साताऱ्याच्या बाजूला असणाऱ्या सरदाराला नुसती शाबासकी मिळत नव्हती, अख्ख्या दख्खनच्या वसुलीत वाटा मिळत होता. निजामाला हेच सलत होतं. १७२७ ला त्याने विचारलं की चौथाई द्यायची कुणाला, साताऱ्याला की कोल्हापूरला? आधी तुमचा हक्क ठरवा. संभाजीराजे त्याला मिळाले. निजामाची फौज पुण्यापर्यंत आली. बाजीरावांनी पुण्याकडे न वळता निजामाचाच मुलूख उधळला आणि २५ फेब्रुवारी १७२८ ला त्याला पालखेडला कोंडलं. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला आणि निजामाने कोल्हापूरची बाजू सोडली. पन्हाळ्यामागे उभं असलेलं शेवटचं मोठं बळ गेलं. १७३० चा वारणेचा हल्ला त्यानंतरचा.

दुसरी गोष्ट तहात सापडली. हल्ल्यानंतर शाहूंनी पन्हाळा गिळला नाही. १७३१ च्या सुरुवातीला कऱ्हाडजवळ जखीणवाडीला दोघे चुलतभाऊ भेटले आणि १३ एप्रिलला वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख किल्ल्या-ठाण्यांसह संभाजीराजांचा. कोपळ त्यांना, बदल्यात रत्नागिरी शाहूंना. वडगावचं ठाणं पाडायचं. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जे मिळवू ते निम्मं-निम्मं. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही. आणि एकाच्या चाकरीतल्या माणसाला दुसऱ्याने ठेवून घ्यायचं नाही.

हे शेवटचं कलम वाचल्यावर सरांनी चष्मा काढला. चोवीस वर्षं रुसलेल्या प्रत्येक सरदाराला वारणेपलीकडे दुसरं दार उघडं होतं. या दारी मान मिळाला नाही की त्या दारी. तहाने ते दार बंद केलं. आम्ही हे कलम दोऱ्याच्या वर मोठ्या अक्षरांत रंगवलं आणि बाराव्या फलकाच्या जागी चादर लावली.

काय घडलं

पहिल्या दिवशी चादरीभोवती इतकी गर्दी झाली की आधीचे दहा फलक कुणी धड वाचेना. पोरं थेट चिंचोके हलवायला लागली आणि सालं चुकवत होती. दुपारपासून मुलगी काठी घेऊन शेजारी उभी राहिली. ती साल पुकारायची, पोरं चिंचोका सरकवायची. कान्होजींचा चिंचोका सरकला की मोठी माणसंही पुढे वाकून बघायची.

तक्रारी आल्या. अभिप्रायाच्या वहीत एकाने लिहिलं की ताराराणींना कैदेत दाखवायला नको होतं. १७१४ चा मजकूर आम्ही घाईत, लहान अक्षरांत, नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात लावला होता. हे लिहिणाऱ्याला वाटलं असणार की आम्ही ती गोष्ट शरमेने कोपऱ्यात ढकलली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उलट एका आजींनी तोच कोपरा नातवाकडून दोनदा वाचून घेतला आणि काकूंना म्हणाल्या, “सवतीनं कोंडली तरी मोडली न्हाई बघ बाई.” काकू त्यांना बाकावर बसवून बराच वेळ बोलत होत्या.

दुकानातला तो पोरगा तिसऱ्या दिवशी आला. दारातच आम्ही वंशावळ लावली होती, त्यात ‘सातारचे शाहू महाराज’ आणि ‘राजर्षी शाहू महाराज’ असे दोन वेगळे चौकोन, मध्ये शंभर-दीडशे वर्षांचं अंतर. त्याने बोट ठेवून खालपर्यंत वाचलं आणि मान डोलावली. मग चादरीपाशी तासभर थांबला.

पुन्हा करायचं झालं तर

वंशावळ आणि नकाशा आधी, मजकूर नंतर. आम्ही उलट केलं, म्हणून नऊ दिवसांवर येऊन घसरलो. सरांना पहिल्याच आठवड्यात सगळा मजकूर दाखवला असता तर चूक तिथेच कळली असती. मी त्यांना फक्त शुद्धलेखन बघायला दिलं होतं, ही माझी चूक. खर्च देणाऱ्या गृहस्थांशीही छपाईआधी बसून बोलायला हवं होतं. त्यांना विषय सांगितला होता, शेवट सांगितला नव्हता.

१७१४ ला स्वतंत्र, मोठा फलक हवा. कोल्हापूरच्या इतिहासातली ती दुखरी जागा आहे आणि दुखऱ्या जागेवर बारीक अक्षरं शोभत नाहीत.

एक निर्णय मला अजून खटकतो. आम्ही १७३१ ला थांबलो. सातारा-कोल्हापूर युद्ध तिथे संपलं हे खरं, पण ताराबाईंचं संपलं नव्हतं. वारणेनंतर त्यांना सन्मानाने परत पाठवायची शाहूंची तयारी होती. कैदेतच राहायचं तर साताऱ्यात राहीन, असं त्यांनी सांगितल्याचं म्हणतात. तिथे त्या अठरा वर्षं राहिल्या. डिसेंबर १७४९ ला शाहू गेले आणि पंचाहत्तरीकडे झुकलेल्या या बाईने रामराजांना आपला नातू म्हणून पुढे आणलं, वर्षभरात त्यांनाच साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवलं आणि नानासाहेब पेशव्यांशी झुंज मांडली. १७५२ ला जेजुरीला खंडोबासमोर शपथा झाल्या तेव्हा ते थांबलं. हे सगळं दाखवलं असतं, तर वारणेच्या तहाने काय मिटलं आणि काय मिटलं नाही, दोन्ही दिसलं असतं. जागा नव्हती असं मी तेव्हा म्हणालो. जागा करता आली असती.

शेवटच्या संध्याकाळी चौथी-पाचवीतली एक मुलगी सगळे चिंचोके नीट सालाप्रमाणे हलवत १७३१ पर्यंत आली. मग पन्हाळ्यावरच्या चिंचोक्याला नख लावून बघितलं. “ह्यो का हलत न्हाई? त्या तर साताऱ्याला गेल्या न्हवं?”

काकू उठल्या. टेबलावरची कात्री घेतली, टोकाने अलगद फेविकॉल खरवडला. चादरीला थोडं भोक पडलं. चिंचोका मोकळा झाला तसा त्यांनी तो पोरीच्या तळहातावर ठेवला, आणि पोरीने तो निळ्या दोऱ्यावरून उचलून साताऱ्यात नेऊन ठेवला.